थुंकायचं नाही

दाढ काढल्यावर पहिला हुकूम खाण्याबद्दलचा नसतो, थुंकण्याबद्दलचा असतो. चोवीस तास थुंकायचं नाही. तोंडात जे जमेल ते, लाळ, रक्त, औषधाचा कडूपणा, सगळं मुकाट गिळायचं. चूळ भरायची नाही. नळीनं ओढून काही प्यायचं नाही. कारण साधं आहे. दाढ उपटल्यावर हाडात खड्डा राहतो. त्या खड्ड्यात रक्त साकळतं, त्याची गाठ बसते आणि ती गाठ म्हणजे उघड्या हाडावरचं छप्पर. जोरात थुंकलं की तोंडात ओढ बसते, छप्पर उडून जातं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की जबड्यापासून कानापर्यंत माणूस नुसता पेटत राहतो. डॉक्टर लोक त्याला कोरडा खड्डा म्हणतात.

मला ही माहिती २०२३ च्या जूनमध्ये मिळाली, पालघरच्या एका दवाखान्यात, खुर्चीत आडवा पडलेला असताना. उजवीकडची खालची अक्कलदाढ. सरळ वर यायचं सोडून आडवी वाढली होती, पुढच्या दाढेच्या बुडात डोकं खुपसून. वर्षभर सुजत होती, ओसरत होती. बोईसरच्या मेडिकलवाल्याकडून गोळी घ्यायची आणि पाळी काढायची, असं चाललं होतं. शेवटी एका रातपाळीला तोंडच उघडेना. सकाळी तसाच गाडीत बसलो, उमरोळी ओलांडून पालघरला उतरलो. हिरडी चिरली, हाड थोडं कोरलं, दाढेचे दोन तुकडे करून काढले, तीन टाके घातले. पाऊण तास. ऐकायला भयंकर, पण भुलीच्या सुईनंतर नुसता आवाज येतो आणि ढकलाढकली कळते. लिग्नोकेन म्हणतात त्या औषधाला. १९४३ साली स्वीडनमधल्या एका रसायनवाल्यानं तयार केलं. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. माझ्या आजीची दाढ आजोबानं पकडीनं काढली होती, वरून मीठ दाबून. गावचा न्हावी आमची डोकी करत नव्हता, तो दात कुठून काढणार?

तर डॉक्टरीणबाई सांगत होत्या, थुंकायचं नाही. आणि मला तिथं, दिव्याखाली, मडकं आठवलं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते पेललं नाही, परिषदच रद्द केली. मग बाबासाहेबांनी ते पदरच्या पैशानं छापलं. (आपल्या अंकासारखंच म्हणा. कुणी छापत नसलं की आपण आपलं छापायचं.) त्यात पेशव्यांच्या पुण्याबद्दल लिहिलंय. अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, आपलीच पावलं पुसत जायला. आणि गळ्यात मडकं. थुंकी मडक्यात. ती भुईवर पडली आणि कुणा सवर्णाचा नकळत पाय पडला तर तो बाटेल ना! म्हणजे थुंकायचं नाही हा हुकूम आमच्या घराण्यात जुना आहे. फरक असा की बाईंच्या हुकमात माझ्या हाडाची काळजी होती. त्या हुकमात दुसऱ्याच्या तळपायाची.

बाईंचा हात माझ्या तोंडात होता. दोन बोटं गालाच्या आत, अंगठा हनुवटीखाली. हातमोजे होते. मी आधी त्या मोज्यांकडे बघून घेतलं, ही आमची खोड आहे, जात नाही. पण मोजे सगळ्यांनाच असतात. १९८० नंतरच्या दशकात एड्स आला, तेव्हापासून दाताचे डॉक्टर सरसकट मोजे घालायला लागले. त्याच्या आधी उघडी बोटं तोंडात घालत. आता मला सांगा, तेव्हा कुणाची उघडी बोटं कुणाच्या तोंडात जात असतील? हा प्रश्न दंतवैद्यकाच्या पुस्तकात नसतो. पण त्याचं उत्तर आपल्याकडं आहे.

काठेवाडातला एक शाळामास्तर, आपल्यातलाच. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टरकडं गेला तर डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, तिथं तपासणार नाही. गावच्या शेटनं रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा कुठं आला. वस्तीबाहेर उभा राहिला. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणावी लागली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, मुसलमानानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. परत देताना तोच क्रम. दिव्याच्या उजेडात दुरून वाचलं आणि न्यूमोनिया झाला म्हणून सांगितलं. पुन्हा तो आला नाही. बाई मेली. त्या मास्तरनं पत्र लिहिलं, ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं, आणि बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतलं. काचेची बोटभर नळी, तीन माणसांच्या हातून फिरते, कारण ती एका बाईच्या अंगाला लागणार असते. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला नव्हता, नुसतं तोंड कोरडं पडलं होतं.

म्हणून सांगतो, बाईंनी माझा फॉर्म वाचला होता. आडनाव वाचलं होतं. आणि तरी टाका घालताना माझं डोकं त्यांनी आपल्या कोपराशी धरून ठेवलं होतं, आई धरते तसं. याला कुणी मोठी गोष्ट म्हणणार नाही. मी म्हणतो.

कापसाचा बोळा दाबून पाऊण तास बसलो. फलाटावर गाडीची वाट बघत होतो, शेजारच्यानं विचारलं, डहाणू लोकल गेली काय? मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, मुका दिसतोय. बसा हरकत नाही.

भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. अर्धी जीभ, अर्धा ओठ परक्याचा असतो. चावला तरी कळत नाही. लहान पोरं गंमत म्हणून ओठ चावून चावून जखम करून घेतात. दोनेक तासांनी मुंग्या येतात, मग ओठ परत आपला होतो आणि त्याच्याबरोबर दुखणंही परत येतं. दुखणं पूर्ण पोचायच्या आधी गोळी घ्यावी. ठणका डोक्यावर बसल्यावर गोळीला चढण चढावी लागते.

बाईंनी छापील कागद दिला होता. काय खावं: आईस्क्रीम, मिल्कशेक, कस्टर्ड, सूप, फळांचा रस. कागद बघून हसू आलं, पण हसताही येईना. कोलवड्यात आमची दहा बाय बाराची खोली, चार जण, दोन पाळ्यांत झोपणारे. फ्रीज नाही. कस्टर्ड म्हणजे काय ते मी नंतर विचारून घेतलं. आणि जून महिना. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद होती. नाहीतर सातपाटीचा ओला बोंबील आणून नुसता पाण्यात उकळला असता तर जिभेनंच विरघळला असता. पण बंदीच्या दिवसात बोईसरच्या बाजारात सगळं सुकं. सुके बोंबील, सुकट, जवळा. बोंबील काठीसारखे. जवळ्याचे पाय सुईसारखे. उघड्या हिरडीला त्यातलं काही चालत नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आमच्यात तिसरी तऱ्हा. दातही गेला आणि चणेही नव्हतेच.

पण मग विचार करता करता ध्यानात आलं, मऊ खायची विद्या आपल्याइतकी कुणाला येते? पेज, कण्या, आंबील, घाटा, ताकातला भात. हे सगळं मराठवाड्यातल्या आमच्या घरी रोगी माणसाचं खाणं नव्हतं, रोजचं होतं. पीठ कमी आणि तोंडं जास्त असली की भाकरीची पेज होते. आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला लाल मिलो. मिलोच्या भाकरीला ती शेवटपर्यंत शिव्या देत होती, घशात अडकायची म्हणायची. सुकडीचं मात्र नाव काढलं की बोळक्या तोंडानं हसायची. गोड होती म्हणे. पोरांनी भांडून खाल्ली. डॉक्टरांचा कागद बनवणाऱ्यानं आमच्या आजीला विचारलं असतं तर तिनं त्याला दोन पानं लिहून दिली असती. लिहिता येत नव्हतं, सांगितली असती.

मला वाचवलं ते आंबिलीनं. माझ्या शेजारच्या मागावर विक्रमगडचा एक वारली पोरगा आहे. दुसऱ्या दिवशी तो डब्यातून नागलीची आंबील घेऊन आला, आईनं केलेली, थंड, थोडी आंबूस, मिठाची. चमचा लागत नाही, चावायचं नाही, ओढायचं नाही, वाटी तोंडाला लावली की आपोआप उतरते. पोट भरतं आणि राहतं. तिच्यावर मी तीन दिवस काढले. माझा बाप आदिवासींना नावं ठेवायचा. जंगलातले लोक, काय पण खातात, म्हणायचा. ज्याला गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही तो बाप! मी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि बापाला मनातल्या मनात सुनावलं. वारल्यांनी १९४५ मध्ये जमीनदाराच्या शेतावर वेठीला जायचं नाकारलं होतं, याच मुलखात. आपल्या लोकांनी त्यांच्याकडून आंबिलीशिवाय आणखीही काही घ्यायला हरकत नाही.

बाकी काय चाललं, काय नाही, तेही लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. पहिल्या दिवशी सगळं थंड. गरम चहा प्यायला की रक्त सुटतं. ताक-भात हातानं कुस्करून, अगदी लगदा करून. केळं कुस्करून. मुगाचं पातळ वरण, पण फोडणीतली मोहरी काढून, कारण मोहरीचा दाणा खड्ड्यात जाऊन बसला की जिभेनं निघत नाही आणि काडी घालून काढायचा नाही. शेंगदाण्याचा कूट नको. तीळ नको. पोहे मऊ वाटतात पण दगा देतात. तिसऱ्या दिवशी अंडं फेटून, तेलात मऊ हलवून. तिखट सहा दिवस बंद. ठेच्याशिवाय सहा दिवस काढणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल, मी तर ठेच्याचा नुसता वास घेत बसायचो. झोपताना डोकं उंच. उशी नव्हती दुसरी, तर गिरणीतल्या चिंध्यांचं गाठोडं घेतलं. चोवीस तास झाल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून तोंडात नुसतं फिरवायचं आणि मान वाकवून सोडून द्यायचं. थुंकायचं नाही, सांडू द्यायचं. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. तेव्हा घाबरू नये. सूज चौथ्या दिवसापासून उतरते. उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, पू आला, तर मात्र डॉक्टरकडं पळावं.

हे सगळं खोलीत पडून करायचं असतं. कागदावर लिहिलं होतं, दोन ते तीन दिवस विश्रांती.

मी ठेकेदाराचा माणूस. मालकाच्या हजेरीपटावर माझं नाव नाही. रोजाला साडेपाचशे, बारा तासांची पाळी. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जात होता, तेव्हा भत्ता मिळेल म्हणून चौकशी केली. आजारपणाच्या रजेत पगाराचे सत्तर टक्के, असा नियम होता खरा. पण पहिले दोन दिवस त्यात धरत नसत. म्हणजे ज्या दोन दिवसांत तोंडातून रक्त येतं ते दोन दिवस आपले स्वतःचे. दाढ काढायचे साडेचार हजार लागले होते, अर्धे उसने. सुपरवायझरला फोनवर बोलता येईना, म्हणून खोलीतल्या जोडीदारानं निरोप दिला. सुपरवायझर म्हणाला, दात काढायला सुट्टी? दात तर तो रोज कामावर पण काढतो. सगळे हसले. विनोद बरा होता, मीही हसलो असतो. पुढं म्हणाला, परवा नाही आला तर मागावर दुसरा उभा राहील.

तिसऱ्या दिवशी, सूज सगळ्यात जास्त असते त्या दिवशी, मी रातपाळीला गेलो.

मागखात्यात तसंही कुणी बोलत नाही. आवाजच एवढा असतो. ओठ वाचायचे, हात हलवायचे. सूत तुटलं, बीम संपला, फोरमन येतोय, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. ओठांची भाषा नव्या माणसाला सहा महिने शिकावी लागते. माझा उजवा गाल टोमॅटोसारखा, ओठ एका बाजूला सरकलेला. मी 'गाठ' म्हणायचो तर समोरच्याला 'घाट' दिसायचं. त्या रात्री मी मुक्यांतला मुका होतो. तोंडावर फडकं बांधलं, कारण तंतू उडत असतात. दर दोन तासांनी आंबिलीचे चार घोट. पहाटे चारला माग बंद पडला तर सूत जोडायला वाकलो आणि सगळं रक्त जबड्यात उतरल्यासारखं झालं. भिंतीला टेकून उभा राहिलो. तो वारली पोरगा आला, मला बाजूला सारलं, माझ्या मागाची गाठ मारली, परत आपल्या मागावर गेला. कुणी काही बोललं नाही. बोलता येतच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एका दाढेचं एवढं काय. म्हणून दुसऱ्याच्या तोंडाबद्दल सांगतो.

दवाखान्यात माझ्या आधी आमच्याच पट्ट्यातला एक पोरगा होता, रंगखात्यात काम करणारा. बावीस-तेवीसचा. त्याचीही दाढ किडलेली. बाई म्हणाल्या, तोंड उघड. उघडेना. चांगल्या माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात, करून बघा. त्याच्या तोंडात एक बोट जेमतेम. गुटखा. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू दोरासारखी ताठ होत जाते आणि तोंड मिटत जातं. पुढं कॅन्सरही होऊ शकतो. दाढ काढायची तर आधी तोंड उघडायला पाहिजे. बाईंनी त्याला व्यायाम दिला, औषध दिलं आणि बोलल्या पण पुष्कळ. घाणेरडी सवय आहे, कळत नाही का तुम्हाला.

बाई चांगल्या होत्या, म्हणून त्यांच्याशी मनात भांडतो. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी आली. आणि बोईसरच्या कुठल्याही नाक्यावर रात्री अकराला पुडी मिळते. कारखान्याच्या फाटकाबाहेर मिळते. बारा तासांची रातपाळी, वाफेचा रंग, मधे जेवायला वीस मिनिटं. पुडी टाकली की झोप जाते, भूकही मरते. जेवणाचे पन्नास रुपये वाचतात. ही सवय त्याच्या तोंडाला लागायच्या आधी पाळीला लागलेली असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असं आपल्याकडं म्हणतात. इथं तोंड दाबायलाही कुणाला हात लावावा लागत नाही. पाच रुपयांत माणूस स्वतःच दाबून घेतो.

तो पोरगा खातो कसं हे मी नंतर पाहिलं. भाकरीचा तुकडा चपटा करून, बोटानं आत सरकवतो. तिखट लागलं की डोळ्यातून पाणी. माझी तऱ्हा सात दिवसांची होती. त्याची रोजची आहे.

त्या रातपाळीत मला आजोबाही फार आठवला. आजोबा मुंबईच्या गिरणीत होता, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोपर्यंत. संपानंतर गावाकडं आला तो परत गेला नाही. त्याच्या आधी पणजोबाही गिरणीतच. आता आमच्या तारापूरच्या मागांना धोटा नसतो. रॅपियरचे माग आहेत, चिमट्यासारखा हात आडवं सूत पकडून नेतो. पण जुन्या साच्याला धोटा असायचा, लाकडाचा, होडीसारखा. कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. श्वासासरशी सूत बाहेर येतं. दिवसात शेकडो वेळा. विलायतेत लँकेशायरच्या विणकरांचीही हीच रीत होती. एकाच्या तोंडाचा रोग दुसऱ्याला लागायचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायद्यानं ती बंद केली.

मुंबईत रोगाची भीती नव्हती, दुसरीच होती. धोटा या पाळीचा त्या पाळीला जातो. महारानं तोंड लावलेला धोटा मी तोंडाला लावू काय, असं स्पृश्य विणकर म्हणाले. म्हणून साळखात्यात, जिथं पगार सगळ्यात बरा, तिथं अस्पृश्याला मज्जाव. त्यानं रिंग खात्यात राबावं, कमी पैशात. मालकानं केलेला नियम नव्हता तो, कामगारांनी कामगारांना केलेला. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिने संप चालला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न ठेवला. तुमच्या मागण्यांत हे कुठं आहे? जगातल्या कामगारांनो एक व्हा, पण धोटा वेगळा ठेवा, असं का?

पणजोबा रिंग खात्यातच मेला. आजोबा साच्यावर चढला, साठ-पासष्ट साली. तो सांगायचा, पहिल्या दिवशी धोट्याला तोंड लावलं आणि सूत ओढलं, तर तोंडात खळीची चव आली, बाकी काही नाही. शेजारचा साचेवाला काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचे धोटे पाळी सुटल्यावर फडक्यात बांधून कुलपात ठेवायला लागला. सात वर्षं दोघं शेजारी उभे राहिले. एकमेकांचे ओठ वाचत होते. संपात मोर्च्याला बरोबर गेले. धोटे मात्र कुलपात. आजोबा हे सांगताना चिडायचा नाही, समोरचे पडलेले दोन दात दाखवायचा आणि म्हणायचा, सूत ओढून ओढून झिजले बघ. झिजू दे. माझ्या बापाला झिजवायला पण नाही मिळाले.

मी जबडा धरून भिंतीला टेकलो होतो तेव्हा हेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

पाचव्या दिवशी पालघरला कवितावाचन होतं. दहा-बारा माणसं, एका शाळेच्या वर्गात, पावसाळी संध्याकाळ. माझं नाव यादीत होतं. गालाची सूज उतरली होती पण जबडा आखडलेला, दीड बोट उघडायचा. मी कागद त्या वारली पोराच्या हातात दिला. तो म्हणाला, मला काय येतंय. म्हटलं, वाच. त्यानं वाचली. अडखळत, आमच्या मराठवाड्याच्या शब्दांना त्यांच्याकडचा हेल लावून, एका ठिकाणी ओळच गाळून. मला आत कसंतरी होत होतं. पण लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्या मास्तरांनी नंतर त्यालाच नमस्कार केला, कविता चांगली आहे तुमची म्हणाले. तो घाबरून माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. असू दे म्हटलं.

सातव्या दिवशी टाके काढले. चिमट्यानं उचलायचे, कात्रीनं कापायचे, सुताचा काळा तुकडा बाईंनी कापसावर ठेवला. मी म्हटलं, बघू. त्यांना नवल वाटलं. म्हटलं, सुतात काम करतो, म्हणून. त्यांनी ट्रे पुढं केला. रेशीम होतं, तीन पदरी पीळ दिल्यासारखं. बाई म्हणाल्या, आता डाव्या बाजूनं चावायला लाग, उजवीकडं आणखी तीन आठवडे जपून. खड्डा भरायला महिने लागतात, वरून हिरडी मिटली तरी आत हाड सावकाश तयार होतं. तोंड रोज थोडं थोडं उघडत जा.

त्या महिन्याच्या पगारात तीन रोज कमी आले. दोन दाढेचे आणि एक कशाचा ते ठेकेदारानं सांगितलं नाही. उसने फेडायला ऑगस्ट उजाडला. १ ऑगस्टला होड्या सुटल्या आणि आठवड्यानं मावशीच्या खानावळीत ओला बोंबील आला. तोवर माझं तोंड तीन बोटं उघडत होतं. मी सुकटीची चटणी आणि ज्वारीची भाकरी मागितली. मावशी म्हणाली, अरे, ताजं मासं आलंय आणि सुकट काय मागतोस? म्हटलं, मावशे, चावायचंय मला. ती हसली, तव्यावरची कडक भाकरी काढून दिली. डाव्या बाजूनं पहिला घास घेतला, पापुद्र्यासकट.